श्राद्धाच्या सकाळचं इंजेक्शन

माझ्या दंडावर सध्या एक चकती चिकटवलेली आहे. नात तिच्या मोबाइलवर बघते आणि मला दटावते, "आजी, साखर वाढलीय, जरा चालून ये." चालून ये म्हणे! अगं बाई, साखरेची आणि माझी ओळख तुझ्या आईच्या जन्माआधीपासूनची आहे. माझे डॉक्टर भले आहेत. दर भेटीला नवं काहीतरी सांगतात, आता साखरेवरचं औषध हृदयालाही जपतं, मूत्रपिंडांनाही जपतं, असं संशोधन आलंय म्हणतात. मी कौतुकाने ऐकते. पण नवं औषध हातात पडलं की मी तीन-तीनदा विचारते, जेवणाआधी की नंतर, आणि असं का विचारते ते मी घरात कुणाला नीटसं सांगितलेलं नाही.

गोष्ट डोंबिवलीची, पन्नास सालानंतरची. मी सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गात. घरात आम्ही तिघंच. बाबा ठाण्याच्या कचेरीत कारकून. आई मी चार वर्षांची असताना गेली, मला वाढवलं ते आत्याने. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, लाल आलवण नेसणारी, कडक सोवळ्याची. स्वयंपाकघर तिचं राज्य होतं. सोवळ्यात असली की तिच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकायची प्राज्ञा नव्हती. मी तोंडाची फटकळ, ती हट्टाची, त्यामुळे आमचं दिवसातून दोनदा तरी वाजायचंच. बाबा मधे पडायचे नाहीत. वर्तमानपत्र जरा वर धरायचे, एवढंच.

बाबांना मधुमेह होता आणि त्यांची सगळी शुश्रूषा माझ्याकडे होती. रोज सकाळी मागच्या पडवीत बसून त्यांची लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात मोजून आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, विटकरी झालं की माझं तोंड उतरायचं. मग सिरिंज आणि सुई उकळून इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं. बाबांचा हात थरथरायचा आणि आत्याला सुई बघूनच घेरी यायची, म्हणून ते काम माझं. औषधाची बाटली आम्ही ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवत होतो.

आधीचं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं. दोन वेळा, जेवणाआधी अर्धा तास. एकादशी असो, चतुर्थी असो, आमचा हिशेब सोपा होता. जेवण पुढे गेलं की इंजेक्शन पुढे. पण बाबा संध्याकाळी कचेरीतून कधी सातला यायचे, कधी नऊला, आणि रात्रीच्या इंजेक्शनाचा पार विचका व्हायचा. त्या श्रावणात आमच्या डॉक्टरांनी नवी बाटली दिली. हे डॉक्टर स्टेशनजवळ बसायचे, सतत काहीतरी इंग्रजी मासिक वाचत असायचे. बाटली त्यांनी उजेडात धरून दाखवली. औषध पातळ ताकासारखं गढूळ होतं.

"हे सकाळी एकदाच. चोवीस तास काम करतं," ते म्हणाले. "नवीनच आलंय. बाटली हलवायची नाही, तळहातात अशी हळूच फिरवायची. आणि हे बघा, घेतल्यावर खाडा नाही. वेळच्या वेळी जेवण. हे दुपारी ऐन भरात येतं. पोटात अन्न नसलं तर साखर एकदम खाली जाईल. घाम फुटेल, चिडचिड होईल, माणूस भलतंसलतं बडबडायला लागेल. लगेच गोड द्यायचं."

बाबा "हो, हो" म्हणाले. मी पण "हो" म्हणाले. भाद्रपदात आमच्याकडे पितृपंधरवड्यात आजोबांचं श्राद्ध असतं, हे त्या वेळी दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

आमच्याकडे श्राद्ध म्हणजे चेष्टा नव्हे. आत्या आठ दिवस आधीपासून तांदूळ निवडायला बसायची. तिचं एरवीचं सोवळं कडक, पण आपल्या वडिलांच्या श्राद्धाचं सोवळं म्हणजे विचारू नका. त्या दिवशी तिच्याशी बोलायचीही मला भीती वाटायची. बाबा आदल्या दिवशी एकदाच जेवायचे आणि श्राद्धाच्या दिवशी पिंडदान होऊन ब्राह्मण जेवून उठेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत.

त्या सकाळी साडेसहाला मी बाटली हातात घेतली आणि थबकले. म्हटलं, "बाबा, आज जेवायच्या आधी घ्या ना. पूर्वी घ्यायचात तसं."

"हे सकाळीच घ्यायचं म्हणाले ना डॉक्टर?"

"हो, पण घेतल्यावर जेवायचं असंही म्हणाले."

"मग जेवणारच आहे की. भटजी अकराला येतात, साडेबाराला पानं वाढली जातात. कचेरीत तरी साडेबाराच्या आधी मी डबा कुठे उघडतो?" बाबा हसले. "आटप. एकदा आंघोळ करून सोवळं नेसलो की तुला शिवायचं नाहीये मला."

"मग दोन घास तरी खाऊन घ्या."

"वेडी आहेस का गं? श्राद्धाचा यजमान आधी जेवतो होय!"

आणि मी दिलं. रोजच्याइतकंच, एक रेघही कमी नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं अर्धं आम्ही काटेकोर पाळलं आणि उरलेलं अर्धं भटजींच्या भरवशावर सोडलं. आज सत्तर वर्षांनीही मला त्याबद्दल माझा राग येतो. एरवी शब्दाला शब्द देणारी मी, त्या दिवशी नेमकी गप्प बसले.

अकरा वाजले. भटजी आले नाहीत. ते कल्याणचे, आणि पंधरवड्यात त्यांना एकेका दिवशी तीन-तीन घरं असायची. बारा वाजले. बाबा सोवळं नेसून माजघरात पाटावर बसले होते, समोर दर्भ, तीळ, तांब्याची भांडी मांडलेली. मी दारात उभी राहून एकदा रस्त्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होते. स्वयंपाकघरात सगळं तयार होतं. खिरीचा वास घरभर सुटला होता.

साडेबाराला बाबांनी उपरण्याने कपाळ पुसलं. हवा काही इतकी उकाड्याची नव्हती. दहा मिनिटांनी पुन्हा पुसलं. उघड्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"बाबा, कसं वाटतंय?"

"काही नाही."

"घाम आलाय."

"काही नाही म्हटलं ना!"

बाबा माझ्यावर ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी धावले आणि बाहेरूनच म्हटलं, "आत्या, बाबांची साखर उतरतेय. त्यांना काहीतरी गोड दे. आत्ताच्या आत्ता."

"भटजी येतीलच."

"भटजी गेले खड्ड्यात! डॉक्टरांनी सांगितलंय मला."

"आजच्या दिवशी जीभ आवर," आत्या म्हणाली. तेवढ्यात माजघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला.

बाबांनी तिळाचं तबक उडवून दिलं होतं. दर्भ इकडेतिकडे पसरले होते. बाबांचे डोळे भलतीकडेच लागले होते आणि ते जाड, घोगऱ्या आवाजात बोलत होते. तो त्यांचा आवाज नव्हताच. "वाढ. मला वाढ गं. किती उपाशी ठेवशील? वाढ मला."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती तिथल्या तिथे मटकन गुडघ्यांवर बसली आणि तिने आपल्या धाकट्या भावाला चक्क हात जोडले. "अण्णा," ती म्हणाली, "अण्णा, थोडा वेळ थांबा. भटजी आले की वाढतेच. सगळं केलंय तुमच्यासाठी."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वारलेले. तिला वाटलं, तेच बाबांच्या तोंडून बोलतायत.

"अगं, अण्णा कुठले आलेत!" मी किंचाळले. "बाबा आहेत ते! इंजेक्शन चढलंय त्यांना!"

"तू गप्प बस. तुला नाही कळायचं. पिंडाआधी घास गेला तर अण्णा कायमचे उपाशी राहतील."

घरात दुसरीकडे साखर नव्हती. बाबांना मोह नको म्हणून आत्या साखर-गूळ घरात ठेवतच नव्हती. श्राद्धापुरती आणलेली साखर सगळी खिरीत गेली होती. शेजारचं घर कुलूपबंद, ते लोक त्यांच्या श्राद्धाला टिटवाळ्याला गेलेले. पलीकडचं घर भाताच्या खाचरापलीकडे. आणि माझ्या डोळ्यांदेखत बाबा पाटावरून कलंडले. त्यांचा एक पाय थाडथाड जमिनीवर आपटायला लागला.

मी धावले. आत्या ताडकन उठून दारात आडवी झाली, दोन्ही हात चौकटीला लावून. मी तिला ढकललं. ज्या बाईने मला न्हाऊमाखू घातलं, तिला मी दोन्ही हातांनी ढकललं आणि ती भिंतीवर आपटली. मी पारोशी नव्हते, पण सोवळ्यातही नव्हते. माझ्या त्या एका स्पर्शाने ती, चूल, वडे, भात, सगळा स्वयंपाक बाटला. मी खिरीच्या पातेल्यात वाटी बुडवली आणि बाहेर पळाले.

बाबांची दातखीळ बसली होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, गाल बोटाने ओढून धरला आणि खीर आतून हिरड्यांना चोपडायला लागले. अर्धी बाहेर सांडत होती. ते चावले, माझ्या बोटातून रक्त आलं, तरी मी बोट काढलं नाही. "बाबा, गिळा. गिळा हो. बाबा." मी रडत होते, त्यांना शिव्याही देत होते, देवालाही देत होते. त्यांचं अंग भिजलेल्या पोत्यासारखं जड झालं होतं. तिकडे भिंतीशी आत्या रडत होती. किती वेळ गेला मला माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की यांना मी मारलंय, आज सकाळी, माझ्या हाताने, उकळून स्वच्छ केलेल्या सुईने.

मग त्यांच्या गळ्याची घाटी हलली. एकदा. पुन्हा एकदा. मी भराभरा बोटं बुडवून चाटवत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी ते माझे बाबाच होते.

"भटजी आले?" त्यांनी विचारलं.

मी हमसून हमसून रडायला लागले. पण बाबांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला. हनुवटीवर हात लावून बघितला. शितं हाताला लागली.

"हे काय केलंस?"

"खीर दिली. तुम्ही जात होतात, बाबा."

"अण्णांच्या आधी?"

ते धडपडत उठले, परसात जाऊन चुळा भरून आले, आणि येऊन पुन्हा त्याच पाटावर बसले. मी वाटी पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं. मी सांगितलं की औषध अजून संध्याकाळपर्यंत जोरात आहे, ही चार बोटं खीर तासभर पुरेल, मग पुन्हा तसंच होईल. ते म्हणाले, "होऊ दे." मगाशी शुद्ध नव्हती तेव्हा निदान दातखीळ होती, ती तरी बोटाने सोडवता आली. आता पूर्ण शुद्धीत हट्ट धरून बसलेल्या माणसापुढे मी काय करणार होते?

याच वेळी भटजी आले. घामाघूम, काखेत छत्री, मागे आणखी दोन ब्राह्मण. आधीच्या घरी उशीर झाला म्हणाले. बाबांनी स्वतःच सगळं सांगितलं, माझ्यावर काही न ढकलता. भटजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही पुन्हा स्नान करा, प्रायश्चित्ताचं मी बघतो. स्वयंपाक तेवढा पुन्हा व्हायला हवा. दोन तासांत होईल ना?"

दोन तास. बाबा लगेच विहिरीकडे जायला उठले, आणि उठताना त्यांचा हात भिंत शोधत गेला. कपाळावर पुन्हा घाम चमकत होता. मी वाटी धरून उभी होते आणि मला काहीही सुचत नव्हतं. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. चूल पेटवायची ती तिनेच.

आत्या भिंतीशी बसून होती. डोळे कोरडे झाले होते.

"स्वयंपाक होणार नाही," ती म्हणाली.

"ताई," बाबा म्हणाले, "अण्णा उपाशी राहतील गं."

"अण्णा उपाशीच गेले." आत्याचा आवाज अगदी सपाट होता. "तू लहान होतास, तुला मामाकडे धाडलं होतं. त्यांना हाच आजार होता. तुझाच. रत्नागिरीचा मोठा डॉक्टर आला, म्हणाला, अन्न हेच यांना विष आहे, अन्न तोडा. कोठीची किल्ली माझ्याकडे दिली. तेव्हा मी हिच्याएवढी होते." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "शेरभर पाणी आणि वाटीभर उकडलेली पालेभाजी. माणूस काटकीसारखा झाला. सरपटत स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, मला वाढ गं, किती उपाशी ठेवशील. आणि मी दार अडवून उभी राहायची. शेवटच्या दिवशी पेज मागितली. चमचाभर. ती पण मी दिली नाही."

भटजींनी छत्री खाली ठेवली.

"तेव्हापासून दर वर्षी अठरा पदार्थ करते आणि पानं मांडते," ती म्हणाली. मग उठली, माझ्या हातातली ती बाटलेली वाटी घेतली, आणि बाबांच्या समोर बसली. "एकदा केलं ते केलं. पुन्हा नाही करणार. आ कर."

पंचेचाळीस वर्षांच्या माझ्या बाबांनी तोंड उघडलं. तिने घास भरवला. दुसरा भरवला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गिळत होते. वाटी संपली, तेव्हा ती न बघता माझ्यापुढे धरून म्हणाली, "अजून आण." मी थेट स्वयंपाकघरात गेले आणि आणली.

भटजी जाताना म्हणाले, "हरकत नाही. सर्वपित्री अमावास्येला करू."

संध्याकाळी डॉक्टर आले. मला आधी झापलं, मग म्हणाले, गालाच्या आत चोपडलंस ते बरं केलंस, घशात ओतलं असतंस तर गुदमरले असते. नव्या औषधाला मात्र त्यांनी दोष दिला नाही. आत्याची हकीकत ऐकल्यावर ते तिच्यापुढे बसले आणि समजुतीने म्हणाले, "बाई, त्या काळी इन्सुलिन नव्हतं. उपाशी ठेवणं हाच तेव्हाचा नवा शोध होता, विलायतेतही तेच करायचे. तुमचं काही चुकलं नाही. उलट तुमच्यामुळे ते चार-सहा महिने जास्त जगले असतील."

आत्याने मान वर केली. "म्हणजे तेवढे महिने मी त्यांना जास्त उपाशी ठेवलं," ती म्हणाली.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी स्वतः लावून दिलं.

सर्वपित्रीच्या सकाळी मी सात वाजता इंजेक्शन दिलं. भटजी अकराला येणार होते. आत्या पहाटेच आंघोळ करून सोवळ्यात होती, आत वडे तळणं चाललं होतं. साडेसातला ती स्वतः बाहेर आली आणि तिने बाबांपुढे पान मांडलं. भाकरी, भाजी, वाटीत वरण. बाबा पानाकडे बघत बसून राहिले. हात पुढे जाईना.

"जेव," आत्या म्हणाली. "अण्णांना सांगितलंय मी."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मुलगा जेवतोय. जरा थांबा."

बाबांनी भाकरी मोडली.